नाकाचं हाड वाढत नाही, मंडळी!

गेल्या शनिवारी सकाळी कोल्हापुरात घराजवळच्या मेडिकलमध्ये उभा होतो. अण्णांच्या बीपीच्या गोळ्या घ्यायच्या होत्या. माझ्या पुढे एक विशीतला पोरगा, हातात हेल्मेट, तोंड उघडं टाकून श्वास घेणारा. त्याने तोंडाने काही न बोलता नुसतं नाकाकडे बोट दाखवलं. दुकानदारानेही काही न विचारता मागच्या फळीवरून नाकात घालायच्या थेंबांची बाटली काढून काउंटरवर ठेवली. पोरगा म्हणाला, "दोन द्या की. एक गाडीच्या डिकीत ठेवतो."

दोन बाटल्यांचा हा हिशोब मला चांगलाच पाठ आहे. एक लॅपटॉपच्या बॅगेत, एक उशीखाली. तीन वर्षं मी तेच केलंय.

"किती दिवस घालताय थेंब?" मी विचारलं. (आगाऊपणा हा आमचा गावगुण आहे, त्याबद्दल माफी मागणार नाही.)

"झालं की वर्षभर. नाकाचं हाड वाढलंय ओ. ऑपरेशन करावं लागतंय म्हणत्यात. पैसं जमलं की करायचं."

त्याच्याशी दहा मिनिटं बोललो आणि घरी येताना ठरवलं, या शनिवार-रविवारचा लेख नाकावर. आधीच सांगून टाकतो, मी डॉक्टर नाही. शिक्षण इंजिनिअरिंगचं, पोट भरतं कोड लिहून. तेव्हा कुठलं औषध किती घ्यायचं ते तुमच्या डॉक्टरांना विचारून. पण ज्या माणसाने स्वतःच्या नाकाची तीन वर्षं वाट लावली आणि मग ती निस्तरली, त्याला मत मांडायचा थोडा हक्क असावा असं मला वाटतं.

माझं मत एका वाक्यात असं आहे: आपण नाकाच्या आजाराला आजार मानत नाही, आणि त्यामुळे त्यावर सगळे चुकीचे उपाय अगदी मनापासून करतो.

*

सुरुवात नावापासून करू. आपण नाकाच्या प्रत्येक तक्रारीला 'सर्दी' म्हणतो. हा शब्द फारसीतून आला, अर्थ थंडपणा. म्हणजे नावातच निदान ठोकून दिलेलं आहे. थंड खाल्लंस म्हणून झाली. दही बंद, केळं बंद, आइस्क्रीम बंद, डोकं पुस, कानाला बांध. आमच्या क्षेत्रात एखाद्याने बग नोंदवताना शीर्षकातच चुकीचं कारण लिहिलं, की पुढची सगळी टीम आठवडाभर चुकीच्या फाईलमध्ये शोधत बसते. 'सर्दी' या शब्दाने आपल्याबरोबर पिढ्यानपिढ्या हेच केलंय.

या एका शब्दाखाली निदान तीन वेगळे आजार दडलेत. पहिला विषाणूमुळे होणारा, म्हणजे खरं पडसं. हा आठ-दहा दिवसांत आपोआप बरा होतो. "औषध घेतलं तर सात दिवस, नाही घेतलं तर एक आठवडा" हा विनोद फक्त याच्यासाठी खरा आहे. दुसरा ॲलर्जीचा: नाकाला, डोळ्यांना, टाळूला खाज, एकापाठोपाठ शिंका, पाण्यासारखं वाहणारं नाक, ताप नाही, आणि हे महिनोन् महिने. तिसरा, ज्यात ॲलर्जीही नसते आणि विषाणूही नसतो, पण नाक धूर, उग्र वास, तिखट, एसीची थंड हवा अशा कशावरही चिडतं. तिन्हींत नाकाच्या आतल्या आवरणाला सूज येते. नाव एकच दिलं, की पहिल्यासाठीचा विनोद आपण दुसऱ्या-तिसऱ्यालाही लावतो आणि माणूस वीस वर्षं नाक ओढत राहतो.

तिसरा प्रकार कोल्हापूरकरांना शिकवायची गरजच नाही. उन्हाळ्यात चटणीचे दिवस आले (आमच्याकडे चटणी म्हणजे कांदा-लसूण मसाला, बाहेरच्यांसाठी सांगितलं), की गल्लीत मिरच्या वाळतात आणि डंकाच्या आसपास पन्नास पावलांत सगळे शिंकत असतात. घरात मिरची भाजायला घेतली की त्या खाटेने आजीपासून मांजरापर्यंत सगळे बाहेर! त्यात ॲलर्जीचा काही संबंध नाही. मिरचीतलं कॅप्सेसिन हे रसायन नाकातल्या मज्जातंतूंवरची उष्णतेची आणि जळजळीची घंटा थेट वाजवतं. ही घंटा, म्हणजे तो रिसेप्टर, १९९७ मध्ये डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने शोधला आणि त्यांना २०२१ चं नोबेल मिळालं. तांबडा रस्सा भुरकताना नाक गळतं तेही याच कुटुंबातलं. त्यावर गोळी नको, रुमाल पुरतो :-)

*

आता 'हाड वाढलंय' या प्रकाराकडे येऊ.

नाकाच्या आत दोन्ही बाजूंच्या भिंतींवर तीन-तीन वळ्या असतात, शंखासारख्या गुंडाळलेल्या. डॉक्टर त्यांना टर्बिनेट म्हणतात. आत पातळ हाड आणि त्यावर रक्तवाहिन्यांनी गच्च भरलेलं मऊ आवरण. येणारी हवा गरम करायची, ओली करायची, धूळ अडवायची, ही त्यांची कामं. त्यात रक्त भरलं की आवरण फुगतं, ओसरलं की बसतं. निरोगी माणसातही दर काही तासांनी एक बाजू फुगते आणि दुसरी मोकळी होते. म्हणजे निसर्गाचं लोड बॅलन्सिंगच! १८९५ मध्ये कायझर नावाच्या जर्मन डॉक्टराने हे शास्त्रीय भाषेत मांडलं. आपल्याकडे स्वरयोगवाल्यांनी इडा-पिंगळा या नावाने ते त्याच्या कितीतरी आधी हेरलं होतं.

तर, जे 'वाढलेलं हाड' म्हणून सांगितलं जातं ते बहुतेक वेळा दोनपैकी एक असतं. एक तर नाकाचा मधला पडदा वाकडा असतो. थोडाफार वाकडा तो आपल्यापैकी बहुतेकांचा असतो आणि त्रास सगळ्यांना होत नाही. किंवा मग या टर्बिनेटवरचं आवरण सुजलेलं असतं. सूज ही औषधाने उतरणारी गोष्ट आहे. हाड म्हटलं की माणूस हातपाय गाळतो. हाडाला औषध काय लावणार? मग तो एक तर ऑपरेशनची वाट बघत बसतो, नाहीतर थेंब घालत. ज्यांचा पडदा खरोखर फार वाकडा आहे किंवा ज्यांच्या नाकात पॉलिप आहेत, त्यांना शस्त्रक्रियेचा चांगला उपयोग होतो, हे मान्य. पण पडदा सरळ केला म्हणून ॲलर्जी जात नाही. भिंत पाडून खोली मोठी केली तरी गळणारा नळ गळतच राहतो.

ॲलर्जीचं यंत्र थोडक्यात असं. शरीराच्या संरक्षण खात्याने एखाद्या निरुपद्रवी गोष्टीची, समजा गादीतल्या धूळकिड्याच्या विष्ठेची, शत्रू म्हणून नोंद करून ठेवलेली असते. ही नोंद म्हणजे आयजीई नावाची प्रथिनं. १९६६-६७ च्या सुमारास अमेरिकेत काम करणारं जपानी इशिझाका दांपत्य आणि स्वीडनमधले संशोधक, असा दोन ठिकाणी स्वतंत्रपणे त्यांचा शोध लागला. या आयजीई नाकातल्या मास्ट पेशींवर पहारा देत बसतात. धूळ आली की काही मिनिटांत पेशी हिस्टामिन सोडतात. खाज, शिंका, पाणी. इथपर्यंत सगळ्यांना माहीत असतं. पण काही तासांनी दुसरी लाट येते. इतर पेशी जमा होतात, आवरण सुजतं आणि सुजलेलंच राहतं. शिवाय एकदा सुजलेलं नाक पुढच्या वेळी कमी धुळीवरही भडकतं. रोजची गोळी खाऊनही नाक चोंदलेलं का राहतं, याचं उत्तर या दुसऱ्या लाटेत आहे. गोळी हिस्टामिन अडवते, सूज मात्र फारशी उतरवत नाही.

*

हे सगळं कोल्हापुरात, म्हणजे नक्की कशामुळे?

पहिला संशयित अंथरुणात सापडतो. धूळकिडे डोळ्यांना दिसत नाहीत. ते आपल्या त्वचेच्या झडलेल्या कोंड्यावर जगतात आणि त्यांना दमट हवा लागते. आपल्याकडच्या पावसाळ्यात त्यांची चैन असते. आजीने जुन्या लुगड्यांची शिवलेली वाकळ वर्षभर ट्रंकेत पडून असते आणि थंडी आली की तिसऱ्या रात्रीपासून नातवंडं शिंकायला लागतात. दोष थंडीला!

दुसरी ओल. पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३, हे आमच्याकडे शाळेतल्या पोरालाही पाठ असतं. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. शाहूपुरी, नागाळा पार्क अशा भागांत ज्यांच्या घरात पाणी शिरलं त्यांनी गाळ काढला, फर्निचर टाकून दिलं, रंगही दिला. पण भिंतीत मुरलेली ओल रंगाखाली तशीच राहिली की त्यावर बुरशी येते, आणि बुरशीचे कण हे ॲलर्जीचं ठरलेलं कारण आहे. कपाटामागे काळे ठिपके दिसत असतील तर नाकाच्या आधी भिंतीचा इलाज करा.

तिसरं गाजरगवत, उर्फ काँग्रेस गवत. हे मूळचं अमेरिका खंडातलं. भारतात १९५० च्या दशकात पुण्यात त्याची नोंद झाली आणि आता रिकाम्या प्लॉटवर दुसरं काही दिसत नाही. त्याच्या परागकणांनी नाकाची ॲलर्जी होते हे बंगळुरूच्या अभ्यासकांनी दाखवलेलं आहे. परागकण आणि शिंका यांचा संबंध मात्र खूप जुना आहे. मँचेस्टरच्या चार्ल्स ब्लॅकली या डॉक्टराने स्वतःच्याच नाकात आणि त्वचेवर परागकण लावून तो सिद्ध केला आणि १८७३ मध्ये पुस्तक छापलं. बग स्वतःवर रिप्रोड्यूस करून दाखवणारा माणूस. मला हा माणूस फार आवडतो.

आणि चौथं कामाची जागा. शिरोली, गोकुळ शिरगावच्या फौंड्रीतली वाळू आणि धूर, इचलकरंजीच्या मागांवरची कापसाची रोंब, हंगामात जाळलेलं उसाचं पाचट, गुऱ्हाळाच्या चुलवाणाचा धूर. यातल्या प्रत्येकाने ॲलर्जी होते असं नाही, पण आधीच सुजलेल्या नाकाला एवढं निमित्त पुरतं.

*

आता थेंबांची कहाणी. यातला खलनायक अगदी सज्जन वाटतो.

झायलोमेटाझोलिन, ऑक्सिमेटाझोलिन ही थेंबांतली औषधं रक्तवाहिन्या आवळतात. फुगलेलं आवरण पाच मिनिटांत बसतं. माझा पहिला थेंब मला अजून आठवतो. हिंजवडीतल्या ऑफिसात, एका डेमोच्या आधी. नाकातून एवढी हवा शिरली की डोक्यातली खिडकी उघडल्यासारखं वाटलं. बाटलीबरोबरच्या कागदावर स्पष्ट लिहिलं होतं की सलग काही दिवसांपेक्षा जास्त वापरू नये. तो कागद मी वाचला नाही. (इंजिनिअर आहे, डॉक्युमेंटेशन वाचत नाही. सवय.)

होतं असं की औषधाचा असर संपला की रक्तवाहिन्या पहिल्यापेक्षा जास्त फुगतात. म्हणून पुन्हा थेंब. काही दिवसांत असर कमी वेळ टिकतो. आधी दिवसातून दोनदा, मग चारदा, मग रात्री तीन वाजता उठून. ज्या सुजेसाठी औषध सुरू केलं ती आता औषधामुळेच असते. वैद्यकशास्त्रात या अवस्थेला 'औषधाने झालेला नासिकादाह' अशा अर्थाचं स्वतंत्र नावच आहे. सर्वसाधारण नियम तीन ते पाच दिवस, फार तर आठवडा. मी तीन वर्षं घातले! एकदा पुणे-कोल्हापूर बसमध्ये बसलो आणि कात्रज सोडल्यावर कळलं की बाटली खोलीवर राहिली. तो प्रवास मी कधी विसरणार नाही. साताऱ्याला बस थांबल्यावर जेवायचं सोडून मेडिकल शोधत पळालो. त्या क्षणी कळलं की ह्याला सर्दी म्हणत नाहीत, ह्याला व्यसन म्हणतात. डॉक्टर कदाचित तो शब्द वापरणार नाहीत, पण उशीखाली बाटली ठेवून झोपणाऱ्या माणसाला दुसरा शब्द सुचत नाही.

सुटलो कसा? कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी थेंब बंद केले आणि नाकात मारायचा स्टिरॉइडचा स्प्रे दिला. पहिला आठवडा नरक होता. दुसऱ्या आठवड्यात एक नाकपुडी सुटली. तिसऱ्या आठवड्यात मी सकाळी उठलो आणि तोंड कोरडं पडलेलं नव्हतं. म्हणजे रात्रभर नाकाने श्वास घेतला होता. इतकी साधी गोष्ट, पण मी आईला फोन करून सांगितली.

*

स्टिरॉइड म्हटलं की आमच्या घरात स्मशानशांतता पसरली. "स्टिरॉइड? या वयात? हाडं ठिसूळ होतात म्हणे!" तर मंडळी, गणित करू. अशा स्प्रेच्या, म्हणजे फ्लुटिकासोन किंवा मोमेटासोनच्या, एका फवाऱ्यात साधारण ५० मायक्रोग्रॅम औषध असतं. मोठ्या माणसाला सुरुवातीला सहसा प्रत्येक नाकपुडीत दोन फवारे, दिवसातून एकदा. झाले २०० मायक्रोग्रॅम. स्टिरॉइडची प्रेडनिसोलोनची १० मिलिग्रॅमची एक गोळी म्हणजे १०,००० मायक्रोग्रॅम, नुसत्या वजनाने पन्नासपट. (दोन्ही औषधांची ताकद वेगळी, त्यामुळे तुलना ढोबळ समजा.) महत्त्वाचं हे की गोळी सगळ्या शरीरात फिरते, आणि या दोन औषधांचा स्प्रे रक्तात जेमतेम पोचतो. नाकात थोडी कोरड, कधी थोडं रक्त, हे त्रास होऊ शकतात. पण ॲलर्जीच्या चोंदलेल्या नाकावर आज उपलब्ध औषधांत सगळ्यात परिणामकारक म्हणून जगभरचे तज्ज्ञ याच स्प्रेकडे बोट दाखवतात.

यातली गंमत (की शोकांतिका) अशी, की या स्प्रेला घाबरणारा माणूस "एक इंजेक्शन टाका, वर्षभर सर्दी नाही" असं सांगणाऱ्याकडे बिनधास्त जातो. त्या इंजेक्शनमध्ये काय असतं, हे विचारलंय कधी? बऱ्याचदा ते दीर्घकाळ टिकणारं स्टिरॉइडच असतं, मोठ्या मात्रेत, सगळ्या अंगात. नाकाच्या ॲलर्जीसाठी ते टोचू नये असं तज्ज्ञांचं मार्गदर्शन आहे. साखर वाढणं, हाडं ठिसूळ होणं ही जी भीती आपल्याला स्प्रेची वाटते ती खरं तर याची वाटायला हवी.

स्प्रे चालत नाही म्हणणारे बरेच जण भेटतात. दहातले निम्मे तो थेंबांसारखा वापरत असतात, म्हणजे चोंदलं की मार. (हे दहा माझ्या टीममधले, तेव्हा याला संशोधन समजू नका.) हा स्प्रे पाच मिनिटांत काही करत नाही. तो रोज, ठरल्या वेळी मारायचा आणि पूर्ण असरासाठी दोनेक आठवडे थांबायचं. मारायची रीतही आहे. डोकं जरा पुढे झुकवायचं, उजव्या हाताने डाव्या नाकपुडीत आणि डाव्या हाताने उजव्या नाकपुडीत, म्हणजे नळीचं तोंड मधल्या पडद्याकडे न राहता बाहेरच्या बाजूला, कानाकडे राहतं. जोरात ओढायचं नाही, नाहीतर औषध नाकात न राहता घशात जातं. हे दोन मिनिटांचं प्रात्यक्षिक कुणी दाखवलं असतं तर कितीतरी बाटल्या वाया गेल्या नसत्या.

*

गोळ्यांबद्दल थोडंसं. शिंका आणि खाज यांवर सेट्रिझिन, लोराटाडिन, फेक्सोफेनाडिन चांगली चालतात. जुन्या पिढीतलं क्लोरफेनिरामिन थेट मेंदूत शिरतं आणि झोप आणतं. ते घेऊन टू-व्हीलरवर बसणं म्हणजे यमाला मिस्ड कॉल. सेट्रिझिननेही काहींना गुंगी येते.

'सर्दीच्या गोळी'च्या पाकिटावर मागे बारीक अक्षरांत तीन-चार औषधं असतात. त्यात बऱ्याचदा फिनाइलएफ्रिन असतं, नाक मोकळं करण्यासाठी म्हणून. २०२३ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या सल्लागार समितीने सांगितलं की हे पोटात घेतल्यावर नाकावर काहीच काम करत नाही, आणि २०२४ मध्ये ते दुकानातल्या औषधांतून काढण्याचा प्रस्ताव आला. आपल्याकडे डिसेंबर २०२३ मध्ये औषध नियंत्रकांनी क्लोरफेनिरामिन आणि फिनाइलएफ्रिनचं मिश्रण चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये असं बजावलं. घरातल्या भाच्या-पुतण्यांच्या सिरपची बाटली एकदा उलटी करून बघा.

आणि आपल्या आयटीवाल्यांची लाडकी, लेव्होसेट्रिझिन आणि मॉन्टेलुकास्टची जोडगोळी. माझ्या टीममध्ये तिघांच्या ड्रॉवरमध्ये आहे. मार्च २०२० मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मॉन्टेलुकास्टवर सगळ्यात कडक इशारा छापायला लावला. मनःस्थिती, झोप आणि वागणुकीवर परिणाम होऊ शकतो, आत्महत्येचे विचारसुद्धा. नुसत्या नाकाच्या ॲलर्जीला, इतर औषधं लागू पडत नसतील तरच द्यावं, असंही सांगितलं. प्रत्येकाला त्रास होतो असं नाही. पण आधीच डेडलाईनने झोप उडालेल्या माणसाने ही गोळी मित्राच्या ड्रॉवरमधून उचलू नये, एवढंच म्हणणं.

जलनेती? जरूर करा. मिठाच्या पाण्याने नाक धुणं स्वस्त, साधं आणि उपयोगी आहे. प्रमाण पाव लिटर पाण्याला पाऊण-एक ग्रॅम कमी-जास्त चालतं, पण दोन ते सव्वादोन ग्रॅम मीठ आदर्श, म्हणजे अर्ध्या चमच्यापेक्षा किंचित कमी. पण पाणी उकळून गार केलेलंच. २०११ मध्ये अमेरिकेतल्या लुइझियानात नळाच्या पाण्याने नेती करणारे दोघे मेंदूत शिरणाऱ्या अमिबाने दगावले. असं फार क्वचित घडतं, पण पाणी उकळायला दहा मिनिटं लागतात. तेवढं करा.

*

"अरे पण एवढं काय, नाकच तर आहे!" हे मला सगळ्यात जास्त ऐकावं लागतं. म्हणून शेवटी अण्णांबद्दल लिहितो. त्यांना विचारून लिहितोय.

अण्णांनी तीस वर्षं फौंड्रीत काढली. रोज सकाळी त्यांच्या शिंका सुरू व्हायच्या, सलग दहा-पंधरा. आम्ही भावंडं अंथरुणातून मोठ्याने मोजायचो. "अण्णांचा भोंगा झाला, उठा आता." पंधरा झाल्या की टाळ्या. त्यांनाही हसू यायचं. कुणी विचारलं तर म्हणायचे, "आमच्या घराण्यातच हाय ते." त्यावर कधी औषध घेतलं नाही, घ्यायचं असतं हेच कुणाला माहीत नव्हतं.

चार वर्षांपूर्वी जोतिबाला गेलो होतो. पायऱ्यांवर अण्णा मध्येच बसले. छातीतून शिट्टी वाजत होती. फुंकून करायची तपासणी झाली आणि दमा निघाला. डॉक्टरांनी छातीबद्दल विचारायच्या आधी नाकाबद्दल विचारलं. "शिंका किती वर्षं?" अण्णांनी आईकडे बघितलं. आई म्हणाली, "लग्न झाल्यापासनं."

डॉक्टरांनी मग समजावलं की नाक आणि फुप्फुस ही एकाच नळीची दोन टोकं आहेत. वरच्या टोकाची सूज वर्षानुवर्षं राहिली तर खालच्या टोकाला दमा होण्याची शक्यता वाढते, आणि दमा असलेल्या बहुतेकांना नाकाचाही त्रास असतोच. जागतिक आरोग्य संघटनेच्या सहकार्याने २००१ मध्ये निघालेल्या अहवालापासून जगभर हे सांगितलं जातंय. अण्णांच्या बाबतीत धूळ जबाबदार, घरची ओल की जन्मजात ॲलर्जी, ते कुणी छातीठोक सांगितलं नाही. नाकावर वेळेत उपचार केले असते तर दमा टळला असता, असंही मी म्हणणार नाही. पण आम्ही मोजत होतो, हे मला विसरता येत नाही. वीस वर्षं रोज एक लक्षण घरात मोठ्याने वाजत होतं आणि आम्ही टाळ्या वाजवत होतो.

आता अण्णा नाकाचा स्प्रे आणि दम्याचा इनहेलर दोन्ही नियमित घेतात. भोंगा बंद झालाय. सकाळी घर जरा सुनं वाटतं, पण चालतं.

असो. तर माझी विनंती एवढीच. आठवड्यात चारपेक्षा जास्त दिवस आणि सलग चार आठवड्यांपेक्षा जास्त नाक त्रास देत असेल, किंवा झोप आणि काम बिघडत असेल, तर ते 'सर्दी' म्हणून सोडू नका. डॉक्टरांना दाखवा. मोठी फी परवडत नसेल तर सीपीआरमध्येही कान-नाक-घशाचा विभाग आहे. गरज पडली तर त्वचेवर टोचून ॲलर्जीची चाचणी होते. १९११ मध्ये लंडनच्या लेनर्ड नून यांनी सुरू केलेली, त्याच ॲलर्जीच्या घटकाचे हळूहळू वाढते डोस देण्याची पद्धत आजही वापरली जाते. तिला तीन ते पाच वर्षं लागतात, पण ती मुळाशी जाते. एकच नाकपुडी सतत बंद, एकाच बाजूने रक्त किंवा घाण वास, वास येणंच बंद होणं, धाप किंवा छातीत शिट्टी, यातलं काही असेल तर मात्र थांबूच नका. लहान मुलाच्या एकाच नाकपुडीतून घाण पाणी येत असेल तर आत चिंचोका किंवा मणी अडकलेला असू शकतो, हेही लक्षात ठेवा.

परवा त्या पोराचा मेसेज आला (हो, नंबर घेतला होता, आगाऊपणा पूर्ण करायचा असतो). तपासून आलाय. पडदा थोडा वाकडा आहे, पण मुख्य त्रास सूज आणि थेंबांचाच. ऑपरेशनचं सहा आठवडे स्प्रे मारून मग बघू म्हणालेत. त्याने पुढे लिहिलं होतं, "दादा, पहिला आठवडा लई बेकार जातोय."

मी उत्तर पाठवलं, "माहीत आहे. दुसऱ्या आठवड्यात एक नाकपुडी सुटंल. कळव."